दातांचा दवाखाना तपासतो कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याबाईंची खालची दाढ दुखू लागली. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, हृदयात एक स्टेंट बसवलेला. आठ दिवस त्यांनी लवंगेवर काढले, नवव्या दिवशी गाल सुजला आणि मी त्यांना रिक्षात बसवून परभणीतल्या एका दातांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दवाखाना नेटका होता. थंड हवा, काचेचे दार, भिंतीवर पाच चौकटी. एकीत पदवी, दुसरीत नोंदणी, बाकीच्या तिन्हींत इंग्रजी अक्षरांतली प्रमाणपत्रे. त्या चौकटी पाहून मनाला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

आत्याबाई खुर्चीत बसल्या. मदतनीस मुलीने निळा प्रकाश पडणारे एक छोटे कपाट उघडले आणि त्यातून हत्यारांची थाळी काढली. हत्यारे उघडीच होती. कोणत्याही पाकिटात किंवा कापडात बांधलेली नव्हती. मी जरा धीर करून विचारले, “डॉक्टरसाहेब, ही हत्यारे कशी निर्जंतुक केलीत?” डॉक्टर तरुण होते, स्वभावाने गोड होते. म्हणाले, “काका, यूव्हीमध्येच ठेवतो ना आम्ही. काळजी करू नका.” माझे समाधान होण्याआधीच आत्याबाई तोंडातला कापूस सावरत माझ्यावर उखडल्या, “तू काय दारोगा लागून गेलास का रे? लेकराच्या कामात कशाला चौकशा करायलास?”

मी गप्प बसलो. दाढ निघाली, सूज उतरली, काहीही वाईट घडले नाही. पण परतताना रिक्षात माझ्या डोक्यात आत्याबाईंचाच शब्द घोळत होता. दारोगा मी नव्हतो, हे खरे. मग या दवाखान्याचा दारोगा कोण? कोणीतरी असेलच, असे आपण सारे गृहीत धरून चालतो. हॉटेलाचे स्वयंपाकघर तपासायला माणूस येतो, औषधांचे दुकान तपासायला येतो, पेट्रोल पंपाचे मापसुद्धा तपासले जाते. जिथे आपल्या तोंडात, रक्ताच्या अगदी जवळ, धारदार पोलाद फिरते, तिथे कोण येते?

उत्तर शोधायला बसलो, तेव्हा ते वाटले होते त्यापेक्षा अवघड निघाले. आपल्या राज्यात रुग्णालयांची नोंदणी आणि तपासणी ज्या कायद्याने होते, तो १९४९चा. आधी त्याला मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणत, आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणतात. शहरात महानगरपालिका आणि जिल्ह्यात अन्यत्र शासनाची आरोग्य यंत्रणा त्याची अंमलबजावणी करते. २०२१च्या जानेवारीत त्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रारनिवारणाची सोय करणे, अशा कितीतरी चांगल्या गोष्टी त्यात आल्या. परंतु हा कायदा शुश्रूषागृहासाठी आहे, म्हणजे जिथे रोगी दाखल करून घेतात अशा जागेसाठी. खाट नाही, दाखल होणे नाही, तिथे तो पोहोचत नाही. आणि दातांच्या दवाखान्यात सहसा खुर्ची असते, खाट नसते.

देशाच्या पातळीवर ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा केला. त्यात लहानसा दवाखानाही येतो आणि दंतचिकित्सालयासाठी किमान निकषही ठरवता येतात. तथापि आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे हा कायदा लागू करायचा की नाही, हे राज्यांवर सोपवलेले आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

याची गंमत, अर्थात कडू गंमत, अशी की परळी, उदगीर करीत जाणाऱ्या गाडीत परभणीहून बसलात, तर काही तासांत बीदर येते. तिथे कर्नाटकाचा २००७चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा लागू आहे. दवाखाना खाटांचा असो वा बिनखाटांचा, नोंदणी बंधनकारक, आणि नोंदणी करणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तिथले जिल्हाधिकारी. तिथे सारे काही आदर्श चालते, असे मी म्हणत नाही. कागदावरचा कायदा आणि प्रत्यक्ष येणारा तपासनीस यांत अंतर असते, ते सर्वांना ठाऊक आहे. पण निदान कोणाचे दार ठोठवायचे, हे तरी बीदरच्या माणसाला माहीत असते.

मग भिंतीवरच्या त्या चौकटी कशाच्या होत्या? त्यांचाही उलगडा करून घेतला पाहिजे, कारण आपण त्या चौकटींवर भलताच भार टाकतो.

पहिली नोंदणीची. दंतवैद्यक कायदा १९४८चा. त्यापूर्वी दात काढणे हा कोणीही करावा असा धंदा होता. या कायद्याने राज्याराज्यांत परिषदा आणि नोंदवह्या आल्या. नोंदवहीचे दोन भाग केले गेले: भाग ‘अ’मध्ये मान्यताप्राप्त पदवी असलेले, आणि भाग ‘ब’मध्ये पदवी नसूनही किमान पाच वर्षे हाच व्यवसाय मुख्य उपजीविका म्हणून केलेले. जुन्या पिढीला आठवत असेल, ‘दंतवैद्य’ अशी पाटी लावून कवळ्या बसवणारे पुष्कळ लोक असत. त्यांतल्या काहींची नोंद या दुसऱ्या भागात झाली होती. आज नोंदणीशिवाय दंतव्यवसाय करणे हा गुन्हा आहे. तरी आठवडी बाजारात चादर पसरून, शेजारच्या दातांना तारेने बांधून, जागच्या जागी दात बसवून देणारे अजून दिसतात, आणि स्वस्त म्हणून आपली म्हातारी माणसेच त्यांच्यापुढे बसतात. तसा दात काढून ठेवता येत नाही, त्याखाली अन्न कुजते आणि महिन्या-दोन महिन्यांत हिरडी सडते. तेव्हा नोंदणीची चौकट महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परिषदेच्या आचारसंहितेनुसार दंतवैद्याने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर दाखवला पाहिजे. पण ती चौकट इतकेच सांगते की हा मनुष्य शिकलेला आहे. आज सकाळी यंत्र चालू होते का, हे ती सांगत नाही. महाराष्ट्र राज्य दंतपरिषद मुंबईत आहे, परभणीपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. आणि तिच्यापुढे गाऱ्हाणे नेले की ती त्याची चौकशी करते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, त्याचाही मुख्य भर दंतशिक्षण आणि नोंदणी यांवर आहे.

दुसरी चौकट जैववैद्यकीय कचऱ्याची, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. हिचे नियम २०१६चे आणि ते खरोखर कडक आहेत. दवाखाना कितीही लहान असला तरी त्याला लागू आहेत. तिसरी क्ष-किरण यंत्राची, अणुऊर्जा नियामक मंडळाची. दातांचे छोटे यंत्र असले तरी त्याची नोंद तिथे करावी लागते.

म्हणजे पाहा, शिक्षण एक संस्था पाहते, कचरा दुसरी पाहते, किरण तिसरी पाहते. दवाखान्यातून बाहेर काय जाते याची चिंता आहे, भिंतीपलीकडे किरण जाऊ नयेत याचीही आहे. रोग्याच्या तोंडात जे जाते, ते निर्जंतुक आहे का, हे ठराविक काळाने येऊन पाहणे मात्र यांपैकी एकाचेही मुख्य काम नाही. आपल्या परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालय म्हटले की तिथे परिषदेचे निरीक्षक येतात, खुर्च्या मोजतात, अध्यापक मोजतात, रुग्णसंख्या पाहतात. तिथून शिकून निघालेला विद्यार्थी सेलूला, जिंतूरला किंवा गंगाखेडला स्वतःचा दवाखाना थाटतो, आणि त्या दिवसापासून त्याच्या कामाचा निरीक्षक म्हणजे त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धी.

हा केवळ कागदी प्रश्न नाही, हे समजण्यासाठी तमिळनाडूतील वाणियंबाडीची घटना पुरेशी आहे. २०२३ मध्ये तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेंदूचा अत्यंत दुर्मीळ जंतुसंसर्ग झाला. त्यांतले आठ जण दगावले. ताप, डोकेदुखी, अडखळते बोलणे, वाकडा झालेला चेहरा. दातासाठी गेलेल्या माणसाला हे का व्हावे, ते प्रथम कोणाला कळेना. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि इतर संस्थांच्या तज्ज्ञांनी छडा लावला, आणि २०२५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मूळ होते एक सलाइनची बाटली. ती शस्त्रक्रियेच्या हत्याराने उघडली जाई, सैलसर झाकून ठेवली जाई आणि पुढच्या रोग्याची जखम धुण्यासाठी पुन्हा वापरली जाई. काही रुपयांची बाटली! भिंतीवरच्या कोणत्याही चौकटीत ती दिसली नसती. बाजूला उभ्या असलेल्या मुलाला, सुनेला किंवा नातवाला मात्र दिसली असती.

दुसरे उदाहरण इटलीचे, आणि ते वयोवृद्धांच्या दृष्टीने अधिक बोलके. २०११ मध्ये ब्याऐंशी वर्षांच्या एका बाई न्यूमोनियाने वारल्या. आजारी पडण्याआधीच्या दिवसांत त्या घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त दंतवैद्याकडे जाण्यासाठी. त्यांच्या फुप्फुसात सापडलेला लेजिओनेला हा जंतू दंतखुर्चीच्या पाण्याच्या नळीत सापडला. खुर्चीच्या नळ्या अतिशय बारीक असतात, रात्रभर त्यांत पाणी साचून राहते, आतल्या बाजूने जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि सकाळी फवारा सुरू झाला की तो थेट श्वासात जातो. तरुण माणसाला बहुधा काही होत नाही. वृद्धाला, मधुमेह्याला, दम्याच्या रोग्याला होऊ शकते. आपल्याकडे तर नळाला पाणी रोज येत नाही. ते गच्चीवरच्या टाकीत साठते, उन्हात तापते, आणि तेच खुर्चीला जोडलेले असते. म्हणून अनेक चांगले दंतवैद्य खुर्चीला शुद्ध पाण्याची वेगळी बाटली लावतात आणि सकाळी पहिला रोगी बसवण्याआधी नळ्या काही मिनिटे वाहत्या ठेवतात. खुर्चीमागे बाटली आहे की नाही, हे बसल्या जागेवरूनही दिसते.

आता त्या निळ्या प्रकाशाच्या कपाटाकडे येऊ, कारण माझी फसगत तिथेच झाली होती. अतिनील किरणांचे कपाट हे हत्यार निर्जंतुक करण्याचे साधन नव्हे. आधीच निर्जंतुक केलेली वस्तू स्वच्छ ठेवण्याची ती जागा आहे. किरण जिथे पडतात तिथेच काम करतात. चिमट्याच्या सांध्यात, खाचेत, पोकळीत ते पोहोचत नाहीत. उकळत्या पाण्याचेही तसेच. पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत नाही आणि काही जंतूंची बीजे त्यातूनही तगून राहतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. घरच्या प्रेशर कुकरचे तत्त्व तेच, म्हणून आपल्याला ते लवकर उमगते. दवाखान्यातल्या या कुकरला ऑटोक्लेव्ह म्हणतात. १२१ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण १५ ते ३० मिनिटे, किंवा १३४ अंशांना त्याहून कमी वेळ. शिवाय तापण्याचा, वाळण्याचा आणि निवण्याचा वेळ वेगळा. हत्यारे घासून, धुऊन, पुसून, कागद-प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून आत ठेवतात. पाकिटावर एक खूण असते, वाफ लागली की तिचा रंग पालटतो. पाकीट आपल्यासमोर फाडले गेले आणि खुणेचा रंग पालटलेला दिसला, तर निम्मी शंका मिटली.

निम्मीच म्हणतो. रंग एवढेच सांगतो की उष्णता लागली. जंतू खरोखर मेले का, यासाठी वेगळी चाचणी असते: उष्णतेला न जुमानणाऱ्या निरुपद्रवी जंतूंची बीजे मुद्दाम यंत्रात घालून, ती मेली का ते पाहतात. ही चाचणी आठवड्यातून एकदा व्हावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. अमेरिकेतील टल्सा गावी २०१३ मध्ये एका मुखशल्यविशारदाच्या सुमारे सात हजार रोग्यांना रक्त तपासून घेण्यास सांगावे लागले होते. तिथे गंजलेली हत्यारे सापडली, आणि यंत्राची नियमित व्हायला हवी ती चाचणी कित्येक वर्षे झालेलीच नव्हती. एका रोग्याकडून दुसऱ्याला यकृताची काविळ, हिपॅटायटिस सी, झाल्याचे पुढे सिद्ध झाले. यंत्र होते, चालतही असावे. ते काम करते का, हे कोणी पाहिले नव्हते.

यापुढचा हिशेब मी स्वतःच मांडला; वाचकांनीही मांडून पाहावा. एक फेरी पूर्ण व्हायला पाऊण ते एक तास लागतो. दात कोरण्याचे जे घरघरणारे हातयंत्र असते, ते पोकळ असल्याने त्याच्या आत लाळ आणि रक्त ओढले जाते; म्हणून प्रत्येक रोग्यानंतर तेही वाफेत गेलेच पाहिजे, नुसते स्पिरिटने पुसून भागत नाही. एखाद्या दवाखान्यात दिवसभरात वीस रोगी होत असतील, आणि अशी हातयंत्रे दोनच असतील, तर गणित कसे जमणार? ते जमतच नाही. तेव्हा “निर्जंतुक करता का?” या प्रश्नाला “हो” हे एकच उत्तर मिळते, “तुमच्याकडे हातयंत्रे किती आहेत?” हा प्रश्न अधिक कामाचा. ज्याच्याकडे पुरेशी आहेत, तो डॉक्टर आकडा अभिमानाने सांगतो.

इथे डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. चांगले हातयंत्र महाग असते आणि रोज वाफेत घातले की लवकर झिजते. आपल्या भागातले पाणी जड; ऑटोक्लेव्हमध्ये घातले की क्षार धरतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी विकत आणावे लागते. वीज मध्येच गेली की चालू फेरी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सारे करणाऱ्याचे शुल्क शेजाऱ्यापेक्षा शे-दोनशेने जास्त होते, आणि रोगी म्हणतो, “पलीकडचा डॉक्टर स्वस्तात दाढ काढतो.” तपासणी नसण्याचा खरा तोटा असा प्रामाणिक डॉक्टरला होतो. जो खर्च करतो आणि जो करत नाही, त्या दोघांच्या पाट्या बाहेरून सारख्याच दिसतात. इंग्लंडमध्ये २०११च्या एप्रिलपासून दातांचे दवाखाने केअर क्वालिटी कमिशन या संस्थेच्या नोंदणीखाली आले. तिचे निरीक्षक दवाखान्यात जाऊन पाहतात आणि त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो. मुलामुलीकडे तिकडे राहून आलेले आपल्यातले काही आजी-आजोबा ते वाचूनच दवाखाना निवडतात. आपल्याकडे ‘एनएबीएच’ ही संस्था दंतसेवेसाठी मानांकन देते, पण ते ऐच्छिक आहे. ज्याला हवे तो घेतो.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. दवाखान्यात रंगीत पिशव्या आणि डबे दिसले पाहिजेत. पिवळ्यात काढलेला दात आणि रक्ताचा कापूस, लाल्यात हातमोजे आणि नळ्या, न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात सुया व पाती, निळ्यात काच. साठवण ४८ तासांपेक्षा जास्त नको. भुलेची सुई वापरल्यावर आपल्यासमोर नष्ट झाली, तर तीच सुई दुसऱ्याला टोचली जाणार नाही याची खात्री मिळते. याच नियमांत मदतनीसांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याचेही बंधन आहे. ती मुलगी दिवसभर आपली रक्ताळलेली हत्यारे धुते. तिने लस घेतली आहे का, हा प्रश्न तिच्याही हिताचा आहे. क्ष-किरणांबद्दल वृद्धांनी फारसे भिण्याचे कारण नाही, दाताच्या एका चित्राला किरण फार थोडे लागतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी याहून अधिक लक्ष द्यावे, ते डॉक्टर काय विचारतात याकडे. काळजीचा दर्जा हत्यारांइतकाच प्रश्नांवरून कळतो. दाढ काढण्याआधी रक्तदाब मोजला का? साखर कधी तपासली, असे विचारले का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारले का? ही गोळी आपण होऊन बंद करून जाऊ नये. दात काढताना वाहणारे रक्त दाबून, टाके घालून बहुतेक वेळा थांबवता येते. बंद केलेल्या गोळीमुळे स्टेंटमध्ये गाठ झाली तर ती थांबवणे कठीण. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ‘आयएनआर’ तपासणीचा ताजा कागद सोबत न्यावा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर उपचारापूर्वी प्रतिजैविकाचा डोस लागतो, तो हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरवायचा. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी, किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे औषध, अनेक आजींना चालू असते. ‘हाडांच्या औषधाचा दाताशी काय संबंध’, म्हणून ते सांगितले जात नाही. परंतु अशा रोग्यात दाढ काढल्यावर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही, ते उघडेच राहते. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या, तर हा घोटाळा टळतो.

आत्याबाईंना त्या दिवशी यांतले काही विचारले गेले नव्हते. स्टेंटचे मीच सांगितले, तेही भूल दिल्यानंतर. चूक माझीही होती.

प्रश्न विचारण्याचा संकोच हा आपल्या पिढीचा मोठा अडसर आहे. डॉक्टर म्हणजे देव, निदान देवाचा पुजारी, अशा समजुतीत आपण वाढलो. पुजाऱ्याला सोवळ्याची चौकशी कोण करणार? शिवाय दात दुखत असताना तोंड उघडे, जीभ बधिर. रोगी स्वतः विचारू शकतच नाही. म्हणून सोबत जाणाऱ्याने, आणि तेही खुर्चीत बसण्याच्या आधी, वेळ ठरवतानाच विचारावे. फोनवर, शांतपणे. “आई मधुमेही आहेत, जंतुसंसर्गाची भीती वाटते, हत्यारे पाकिटात बंद असतात का?” अशा शब्दांत विचारले की कोणाचा अपमान होत नाही. उत्तर टाळले गेले किंवा कोणी रागावले, तर तेही एक उत्तरच समजावे. परभणीत दातांचे दवाखाने थोडेथोडके नाहीत.

काही बिघडलेच तर काय करावे, हेही नोंदवून ठेवतो. दंतवैद्याच्या वर्तनाविषयी राज्य दंतपरिषदेकडे लेखी तक्रार करता येते. उघड्यावर सुया टाकल्या जात असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. २०१९च्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५. यासाठी पावती, चिठ्ठी आणि क्ष-किरण चित्र जपून ठेवलेले असावे. आपल्याकडे नेमके तेच रिक्षातून उतरेपर्यंत हरवलेले असते.

दिवाळीनंतर आत्याबाईंची दुसरी दाढ हलू लागली. या वेळी मी आधी तीन दवाखान्यांत फोन केले. पहिल्या ठिकाणी “या तर खरे, मग बघू” असे म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलाला प्रश्नच कळला नाही. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, दहा मिनिटे आधी या, आमची धुण्याची खोली दाखवते.” खोली म्हणजे मोरीएवढीच जागा. एका बाजूला घासण्याचे भांडे, दुसऱ्या बाजूला ऑटोक्लेव्ह, वर एक वही टांगलेली. वहीत तारीख, फेरीची वेळ, तापमान, सही. मधल्या एका दिवशी शेरा होता: ‘वीज गेली, फेरी पुन्हा घेतली.’ तो शेरा वाचून मला भिंतीवरच्या साऱ्या चौकटींपेक्षा जास्त धीर आला.

बाईंनी आत्याबाईंचा रक्तदाब मोजला, गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून वाचल्या, साखर वाढलेली दिसली म्हणून दाढ आठ दिवस पुढे ढकलली. आत्याबाई घरी येईपर्यंत कुरकुरत होत्या, की गेलो कशाला आणि आलो कशाला. आठवड्याने पुन्हा गेलो. पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर फाडले गेले. खुर्चीतून उठताना गालावर हात दाबून धरत त्यांनी डॉक्टरबाईंना खुणेने जवळ बोलावले आणि कापूस तोंडात असतानाच विचारले, “पिशवीवरला रंग पालटला होता ना ग माय?”